मोहाची वर्गवारी

साडू हे नातं मोठं नाजूक आहे. भावाशी भांडता येतं, मेहुण्याची थट्टा करता येते, सासऱ्यांना नमस्कार करून लांब राहता येतं. साडूशी मात्र फक्त तुलना होते, आणि तीही आपल्याला करावी लागत नाही. सासुरवाडीला ती परस्पर होऊन निकालसुद्धा लागलेला असतो. माझे साडू पुण्याला एका मोठ्या कंपनीत मोठे अधिकारी. मी बी. कॉम. होऊन बँकेत कारकून. राहायला चंद्रपूरला आणि नोकरी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. निकाल काय लागला असेल ते वाचकांनी ओळखलंच असेल.

हे साडू २०१६ च्या मार्च महिन्यात सहकुटुंब आमच्याकडे आले. निमित्त ताडोबाचा वाघ. वाघ काही दिसला नाही. बँकेसारखाच त्यालाही मार्चअखेर असावा. रात्री जेवणं झाल्यावर साडूंनी बॅगेतून टॉवेलात गुंडाळलेली एक वस्तू काढली आणि बारशाला बाळ पुढे करावं तशी अलगद माझ्या हातात ठेवली.

"खास फ्रान्सहून आणलीय तुमच्यासाठी."

टॉवेल सोडून पाहतो तो बाटली! माझ्या पायातलं बळच गेलं. कारण १ एप्रिल २०१५ पासून आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी होती. साडूंना ताडोबातल्या वाघिणींची नावं पाठ होती, पण ही एवढी गोष्ट त्यांच्या गावीही नव्हती. शेजारचा गडचिरोली १९९३ पासून कोरडा. दुसऱ्या बाजूचा वर्धा तर गांधीजींच्या पुण्याईनं १९७४ पासूनच कोरडा. म्हणजे तीन कोरड्या जिल्ह्यांच्या ऐन मधोमध, एका पापभीरू कारकुनाच्या घरात, साडूंनी ओली बाटली आणून ठेवली होती.

सौभाग्यवतीनं आधी खिडक्या लावल्या, मग दिवा मालवला, मग काही दिसेना म्हणून पुन्हा लावला. "अहो, नोकरी जाईल तुमची! माळ्यावर टाका ती आधी."

"अहो, ही दारू नाही, वाईन आहे!" साडू म्हणाले.

हे वाक्य पुढे २०२२ च्या जानेवारीत, सरकारनं मोठ्या दुकानांतून वाईन विकू द्यायचं ठरवलं तेव्हा, अख्ख्या महाराष्ट्रानं ऐकलं. मी ते सहा वर्षं आधी ऐकलं. तेव्हा ते आमच्या ठाणेदारांना पटेल असं मला काही वाटलं नाही. शेवटी बाटली उघडायची नाही असं बहुमतानं ठरलं. मग साडूंनी ती नुसतीच वाचून दाखवली. बाटली पिण्यापेक्षा वाचण्यात जास्त वेळ जातो, हे मला त्या रात्री समजलं.

त्या बाटलीवर द्राक्षाचं नाव कुठंच नव्हतं. नाव होतं गावाचं : शाब्ली. हे फ्रान्सच्या उत्तर भागातलं, बर्गंडी प्रांतातलं एक लहानसं गाव. तिथं वाईन करतात ती एकाच द्राक्षाची, त्याचं नाव शार्डोने. गाव एक, द्राक्ष एक, पण वाईनच्या पायऱ्या चार. सगळ्यांत खाली 'पती शाब्ली', म्हणजे धाकटी शाब्ली. तिच्यावर नुसती शाब्ली. तिच्यावर 'प्रमिए क्रू', म्हणजे पहिला दर्जा. आणि पहिल्याच्याही वर 'ग्राँ क्रू', म्हणजे थोर दर्जा. पहिल्याच्या वर आणखी एक असतो हे आम्ही आमच्या सासुरवाडीतच पाहिलं होतं.

हा थोर दर्जा कुणाला? तर गावाजवळच्या नदीकाठी एक टेकडी आहे, तिचा नैऋत्येकडे तोंड केलेला उतार आहे, त्या उतारावरच्या सात तुकड्यांना. तुकड्यांना स्वतःची नावं आहेत. आपल्याकडे शेताला वडाचा वावर, बांधावरचं, मसणवटीजवळचं अशी नावं असतात, तशीच. फरक इतकाच, की आपली नावं भावाभावांच्या कोर्टकज्ज्यात लागतात आणि त्यांची बाटलीवर छापतात. समोरच्या टेकडीवर तेच द्राक्ष तीच माणसं लावतात, पण ऊन थोडं तिरकं पडतं म्हणून दर्जा एक पायरी खाली!

"लक्षात आलं का?" साडूंनी विचारलं.

लक्षात न यायला काय झालं? आमच्या बँकेतसुद्धा कर्जांच्या पायऱ्या चारच असतात : प्रमाणित, दुय्यम, संशयित आणि बुडीत. गाव एक, साहेब एक, अर्जाचा नमुना एक, पण नव्वद दिवस हप्ता आला नाही की माणूस एक पायरी खाली उतरतो. एवढाच फरक, की वाईन मुरत जाते तसतसा तिचा भाव वाढतो आणि कर्ज मुरत जातं तसतशी मॅनेजरची बदली जवळ येते.

साडू पुढे सांगत होते. शॅम्पेन प्रांतात मुख्य द्राक्षं तीन : शार्डोने, पिनो न्वार आणि मनिए. त्यातली दोन काळी, पण दारू निघते पांढरी, कारण रस काढताना साल लगेच बाजूला करतात. आल्झास प्रांत जर्मनीला लागून, म्हणून तिथं मात्र बाटलीवर द्राक्षाचं नाव घालायची पद्धत : रीसलिंग वगैरे. ल्वार नदीकाठचं शेनँ ब्लाँ हे द्राक्ष तर आपल्या नाशिकपर्यंत येऊन चांगलं रुळलंय. ही सगळी थंड हवेची मंडळी. द्राक्षाला म्हणे ऊन पुरेसं मिळू नये, ते पिकतं की नाही अशी धाकधूक शेवटपर्यंत राहावी. त्यातून आंबटपणा टिकतो आणि चवीला धार येते. शाब्लीत एप्रिलमध्ये कोवळ्या फुटींवर दहिवर गोठतं. मग शेतकरी रात्री उठून वेलींच्या ओळींमधून शेकडो मेणबत्त्यांसारख्या शेगड्या पेटवतात आणि पहाटेपर्यंत द्राक्षांना शेक देतात.

हे ऐकून मला एकदम आमच्या गडचिरोलीचा एप्रिल आठवला. तिथंसुद्धा त्या दिवसांत लोक झाडाखाली जाळ करतात. फक्त ते झाड मोहाचं असतं, आणि शेक द्यायची गरज नसते, कारण आमच्याकडे पारा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस अंशांपर्यंत जाऊन शेक सरकारी खर्चानं मिळतो. मोहाची पानं गळलेली असतात. त्या पाचोळ्यात फुलं पडली तर वेचायची कशी, म्हणून खालची जागा जाळून साफ करतात. त्या जाळानं कधीकधी जंगलही पेटतं आणि वनखात्याची झोप उडते. पण एवढं पक्कं, की फ्रान्सच्या थंडीत आणि आमच्या उन्हात, एकाच महिन्यात, एकाच कारणासाठी माणसं रात्री उठून विस्तव करतात. हे मी साडूंना सांगितलं. ते म्हणाले, "छे हो! तुमची ती मोहाची गावठी. तिला कुठली आलीय वर्गवारी?"

हा 'गावठी' शब्द मला लागला. सासुरवाडीला तो माझ्याबद्दल वापरलेला मी एकदा ऐकला आहे.

साडू परत गेले आणि बाटली माळ्यावर गेली, जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यामागे. घरात बेकायदा वस्तू असली की माणूस अभ्यासू होतो. पुढच्या काही वर्षांत मी या विषयाचं मिळेल ते वाचलं, आणि आमच्या शाखेतले शिपाईमामा, जे आता निवृत्त होऊन गावी असतात, त्यांची शिकवणी लावली.

पहिल्या शिकवणीतच साडूंचं म्हणणं खोटं ठरलं. मामांनी सांगितलं ते असं. वाळवलेला मोह पाण्यात भिजत घालायचा. चार-सहा दिवसांत तो फसफसून येतो. त्याला सडवा म्हणतात. पोलिसांच्या बातमीत जो नेहमी 'नष्ट' होतो तोच हा मोहसडवा. तो मडक्यात घालून खाली जाळ करायचा, वाफ नळीतून दुसऱ्या भांड्यात न्यायची आणि त्या भांड्यावर गार पाणी ओतत राहायचं. आधी येते ती पहिली धार. मग दुसरी. मग नुसतंच पाणी. "अन् मंग मामा, ओळखता कशी?" मी विचारलं. मामा म्हणाले, "पयली धार इस्तवावर टाकली का भडकते जी. दुसरी फुरफुरते. तिसरी इस्तव इजवते."

सांगा आता, ही वर्गवारी नव्हे तर काय? 'पहिल्या धारेचा' हा शब्द मराठीनं उगाच का उचलला? पुण्यातले समीक्षकसुद्धा एखाद्या कवितेला पहिल्या धारेची म्हणतात. त्यातल्या कितींनी ती धार पाहिली आहे कोण जाणे. आणि मामांची शिकवणी तेवढ्यावर थांबली नाही. गावात कुठल्या झाडाचा मोह गोड, कुठल्याचा उग्र, कुठलं झाड कुणाच्या आजोबांपासून कुणाच्या घरचं, हे सगळं लहान पोरांनाही ठाऊक असतं. शाब्लीच्या त्या सात तुकड्यांसारखंच. कागदावर मात्र कुठं नाही.

फ्रान्सनं ते कागदावर कसं आणलं, याचा इतिहास मी वाचला तेव्हा समजलं, की तिथंही काही सगळं गुण्यागोविंदानं झालेलं नाही. सुरुवात केली साधूंनी. शाब्लीजवळच्या पाँतिन्यी इथं १११४ मध्ये मठ निघाला आणि तिथल्या संन्याशांनी बाराव्या शतकात मळे वाढवले. सर्वसंगपरित्याग केलेल्या माणसांनी दारूचा दर्जा ठरवावा हे आपल्याला चमत्कारिक वाटेल, पण त्यांना वेळ भरपूर होता आणि घरी जाब विचारणारं कुणी नव्हतं. पुढे १३९५ मध्ये बर्गंडीचा ड्यूक फिलिप यानं हुकूम काढला, की गामे नावाच्या द्राक्षाच्या वेली उपटून टाका. गामेचा अपराध काय? ते फार पिकतं! भरमसाट पिकणारं, स्वस्त आणि हलकं द्राक्ष पाहून ड्यूकसाहेबांनी त्या वेलीला चक्क बेइमान ठरवलं. शेतकऱ्यांचं त्यात किती नुकसान झालं असेल, याचा विचार ड्यूक लोक करत नसतात. उपटायचा हुकूम वरून येतो आणि उपटायला माणसं खालची लागतात, हा नियम सगळीकडे सारखाच.

पुढची गोष्ट शॅम्पेनची. व्यापारी बाहेरून स्वस्त द्राक्षं आणून त्यांची शॅम्पेन करू लागले तेव्हा १९११ मध्ये मार्नच्या शेतकऱ्यांनी तळघरं फोडली आणि दारूचे लोट रस्त्यातून वाहवले. सरकारला लष्कर आणावं लागलं. भांडण फक्त एका गोष्टीचं होतं : आमच्या गावाचं नाव दुसऱ्याच्या मालावर का? शेवटी १९३५ मध्ये कायदा झाला. कुठल्या हद्दीत, कुठलं द्राक्ष, एकरी किती पिकवायचं, कशी दारू काढायची, हे सगळं ठरलं आणि मगच गावाचं नाव लावायची मुभा मिळाली. शाब्लीला ती १९३८ मध्ये मिळाली. साडू ज्या बाटलीला चव म्हणत होते, ती मुळात एका दंगलीनंतरची तडजोड होती.

आता आपल्याकडे या. साडूंचा समज असा, की गावावरून दारूला नाव द्यायची अक्कल फ्रेंचांचीच. पण कौटिल्याचं अर्थशास्त्र उघडा. त्यात सुराध्यक्ष नावाचा एक अधिकारी आहे, म्हणजे आजच्या भाषेत उत्पादनशुल्क खात्याचा प्रमुख. त्याच्या प्रकरणात दारूचे प्रकार ओळीनं दिले आहेत. द्राक्षाच्या रसाची जी, तिला 'मधु' म्हटलं आहे आणि तिची दोन नावं देशावरून पडल्याचं सांगितलं आहे : कापिशायन आणि हारहूरक. कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातला मुलूख. घ्या! एवढ्या जुन्या ग्रंथात गावावरून वर्गवारी हजर आहे. शिवाय पिण्याच्या जागेत वेगळ्या खोल्या, बसायला आसनं, फुलं आणि सुगंध असावेत असंही सांगितलं आहे, आणि सणाजत्रेला लोकांना चार दिवस दारू करायची मोकळीक दिली आहे. दारूवर कर बसवायला मात्र कौटिल्य विसरलेला नाही. तो अखेर अर्थखात्याचाच माणूस.

आमच्या भागात ही मोकळीक गेली इंग्रजांच्या राज्यात. नागपूरकर भोसल्यांचं राज्य खालसा झालं आणि १८५४ मध्ये चांदा जिल्हा कंपनी सरकारकडे आला. आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून हा चांदा. गडचिरोली वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. सरकारनं दारूकडे महसूल म्हणून पाहिलं. भट्टीचे लिलाव होऊ लागले, मक्तेदार आले. ज्या गोंडाच्या लग्नात, मयतात आणि देवाच्या पूजेत मोहाचे चार थेंब जमिनीवर सांडल्याशिवाय पुढचं पान हलत नव्हतं, त्यानं आता स्वतःच्या झाडाच्या फुलांची दारू मक्तेदाराकडून विकत घ्यावी अशी व्यवस्था झाली. घरी केली तर गुन्हा. तिकडे मुंबई इलाख्यात तर १८७८ चा अबकारी कायदा झाला आणि १८९२ मध्ये खास मोहफुलांसाठीच एक वेगळा कायदा. एका फुलासाठी स्वतंत्र कायदा! गुलाबाच्या नशिबीही हा मान नाही.

गंमत पाहा, त्याच सुमाराला फ्रान्समध्ये फिलॉक्सेरा नावाच्या एका बारीक किडीनं द्राक्षमळे बसवले होते. दारू हवी आणि द्राक्षं नाहीत. तेव्हा हिंदुस्थानातून वाळलेल्या मोहफुलांची पोती जहाजातून फ्रान्सला गेली आणि तिथं त्यांची दारू निघाली. वाळलेला मोह दिसतो मनुकांसारखाच, आणि त्यात अर्ध्याहून जास्त साखर. म्हणजे साडूंच्या थोर फ्रान्सनं अडल्या वेळी आमच्या गावठीचे पाय धरले होते. पण बाटलीवर मोहाचं नाव काही छापलं नाही, ना त्याच्या गावाचं.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला. त्यातली आपल्याकडची एक मौज सगळ्यांना माहीत आहे : दारू पिण्याचा जो परवाना मिळतो तो आरोग्य टिकवण्यासाठी! आणि वर्गवारी? तीही आली, पण गावाची नव्हे. एक 'देशी'. तिच्यावर संत्र्याचं नाव असतं, पण आत बहुधा उसाच्या मळीचा अर्क असतो; त्या संत्र्यानं नागपूर कधी पाहिलेलं नसतं. दुसरी 'भारतीय बनावटीची विदेशी'. ही वर्गवारी ज्यानं शोधली त्याला मी भाषेचा मोठा पंडित मानतो. पुण्यात जन्मून घरात इंग्रजी बोलणाऱ्या माझ्या भाच्यांचं याहून नेमकं वर्णन मला करता आलेलं नाही. आणि या दोन्हींत न बसणारी ती 'हातभट्टी', म्हणजे गुन्हा. ज्या एकाच दारूत तिच्या नावाचं फूल खरोखर होतं, ती सगळ्यांत खालच्या पायरीवर. आमच्या भाषेत बुडीत खातं.

इथपर्यंत आल्यावर मला वाटू लागलं होतं, की मी मोहाचा वकील झालो. साडूंना एक सणसणीत पत्र लिहायचं मनात होतं. पण एका मार्चअखेरीला माझा खटला काउंटरवरच निकाली निघाला.

एक आजी खातं उघडायला आल्या होत्या. साठीच्या पुढच्या, हातात रेशनकार्ड, आणि हातांना तो चिकट गोड वास. अर्ज मीच भरत होतो. नाव झालं, गाव झालं, मग आला 'व्यवसाय'. आमच्या यादीत पर्याय होते : शेती, नोकरी, धंदा, मजुरी, गृहिणी, इतर.

"आजी, काम काय करता?"

"मोह येचतो जी." आमच्याकडे बायकाही 'वेचतो' म्हणतात.

मी 'इतर'वर खूण केली. मग सहज, म्हणजे अभ्यासू माणसाच्या आगाऊपणानं विचारलं, "मोह विकता, तो दारूलाच जात असेल ना? मग इथं दारूबंदी कशी टिकायची?"

आजींनी माझ्याकडे पाहिलं. "बाबू, आमच्या गावात दारू बंद करा म्हणून बाया निघाल्या, त्यात मीबी होतो. आमचे बुढे दारूनंच गेले. लेकरू पोटावर होतं."

मी गप्प. गडचिरोलीत १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून गावोगावच्या लोकांनी, विशेषतः बायांनी जी चळवळ केली, तिच्यामुळे १९९३ ची बंदी आली, हे मी वाचलं होतं. चंद्रपूरच्या बायका २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी गेल्या, हेही ठाऊक होतं. पण वाचणं वेगळं आणि समोर अंगठा उमटवायला थांबलेली बाई वेगळी. माझ्या साऱ्या इतिहासात फुलं होती, राजे होते, कायदे होते. दारूनं मेलेला माणूस एकही नव्हता.

"अन् तरी मोह वेचता?" मी हळूच विचारलं.

"येचतो तं! दुकाळात याच मोहानं पोट भरलं जी. भाजून खाल्ला, भाकरीत घातला. टोरीचं तेल यानंच देल्लं. आमाले मोहानं जगवलं, बाबू. मारलं ते दारूनं. तुमी दोघाईचं नाव एकच काहून लिवता?"

वाचकहो, मी बँकेत वीस वर्षं सह्या जुळवतो आहे. दोन सह्या सारख्या दिसल्या तरी माणसं वेगळी असू शकतात, हे मला शिकवायला कुणी लागत नाही. पण मोहाचं फूल आणि मोहाची दारू यांची खाती मी इतकी वर्षं एकत्रच धरली होती. साडूंनी 'गावठी' म्हणून धरली, सरकारनं गुन्हा म्हणून धरली, आणि मी त्यांचा वकील म्हणून तेच केलं.

मोह वेचणं म्हणजे काय हेही मग आजींनी सांगितलं. फूल पहाटे गळतं. रात्री तीन-चारला उठून टोपली घेऊन जंगलात जायचं. अस्वलालाही मोह आवडतो आणि तेही त्याच वेळी येतं. आणि वाघ. दर उन्हाळ्यात मोह वेचायला गेलेल्या बाईवर वाघानं झडप घातल्याची बातमी आमच्या वर्तमानपत्रात असते. कधी ब्रह्मपुरीकडची, कधी सिंदेवाहीकडची. मोह वाकून वेचावा लागतो आणि वाकलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं. ताडोबात तिकीट काढून तीन दिवस जिप्सीत फिरूनही साडूंना वाघ दिसला नव्हता. या बायांना तो फुकटात दिसतो, आणि दिसू नये म्हणून त्या देवाला हात जोडतात.

पुढची हकिगत थोडक्यात सांगतो. २०२१ च्या मे महिन्यात दोन निर्णय झाले. मोहफुलं गोळा करणं, साठवणं आणि त्यांची वाहतूक यांवरचे निर्बंध सरकारनं उठवले. म्हणजे आजींचं फूल गुन्ह्यातून सुटलं. आणि त्याच महिन्यात चंद्रपूरची दारूबंदी उठवायचंही ठरलं. फूल सुटलं याचा मला आनंद झाला. दुसऱ्या निर्णयाबद्दल चौकात पेढे वाटणारे होते तसेच घरात डोळे पुसणाऱ्याही होत्या, आणि दोघांचेही मुद्दे मला ठाऊक होते. बंदीत दारू चोरून, महाग आणि भेसळीची मिळत होती हे खरं. ती बंदी मागायला बायका चिमूरहून पायी गेल्या होत्या हेही खरं. गडचिरोली अजून कोरडाच आहे.

२०२२ मध्ये मग वर्गवारीचा कळस झाला. काजूच्या बोंडांपासून आणि मोहाच्या फुलांपासून केलेल्या मद्याला 'देशी'ऐवजी 'विदेशी' मद्याचा दर्जा द्यायचं सरकारनं ठरवलं. हेतू चांगला होता : मालाला मान आणि भाव मिळावा. गोव्याच्या काजूच्या फेणीला २००९ मध्ये गोव्याच्या नावानिशी भौगोलिक मानांकन मिळालं, ती त्या मानानं प्रतिष्ठेला चढली. पण आमच्या मोहाला प्रतिष्ठा द्यायची तर त्याला परदेशी ठरवावं लागलं! जे झाड गोंड राजांच्या आधीपासून इथं उभं आहे, ते 'विदेशी'. फ्रेंच माणूस आपल्या दारूला मोठं करायला तिच्यावर आपल्या शेताच्या तुकड्याचं नाव घालतो. आम्ही मोठं करायला तिचा देशच बदलतो.

आता राहिली ती बाटली. चंद्रपूरची दुकानं २०२१ च्या जुलैत उघडली, तेव्हा मी सौभाग्यवतीला म्हटलं, "आता काढायला हरकत नाही." माळ्यावरून पंचांगं खाली आली, मागोमाग बाटली आली. ती शाब्ली, जिला तिच्या गावी दहिवरापासून वाचवायला रात्रभर शेगड्या पेटवतात, तिनं आमच्या पत्र्याखालच्या माळ्यावर सहा उन्हाळे काढले होते. बूच अर्धं वर सरकलेलं. आतली वाईन लिंबाच्या रंगाची असते असं साडूंनी सांगितलं होतं. ही चहाच्या रंगाची झाली होती. एक घोट घेतला. साडूंनी वर्णन केलेली धार त्यात होती खरी, पण ती थेट दाढेत गेली.

"फेकू नका," सौ. म्हणाली. तिनं ती एका भांड्यात ओतली आणि देवघरातली पितळेची समई त्यानं घासली. समई अशी लखलखली, की चिंचेनं कधी लखलखली नव्हती. पाँतिन्यीच्या संन्याशांचे श्रम अखेर देवाच्या कामी आले.

रिकाम्या बाटलीत तिनं टोरीचं तेल भरून ठेवलं आहे. ते आजींनीच दिलं, मी पैसे देऊ लागलो तर म्हणाल्या, "तुमी कागदावर काहीबाही लिवता ना, त्याचे समजा." कारण गेल्या वर्षी खातेदारांची माहिती नव्यानं भरायची होती. संगणकात अजूनही पर्याय तेच. मी 'इतर'वरच खूण केली, दुसरं काही यंत्र घेत नाही. पण खाली शेऱ्यासाठी एक चौकट असते. तिच्यात वीस वर्षांत मी काही लिहिलं नव्हतं. त्यात लिहिलं : मोहफूल वेचणे. पुढे त्यांच्या गावाचं नाव लिहिलं, आणि जागा उरली होती म्हणून झाड कुठलं तेही : नाल्यापलीकडचं, सासऱ्यांच्या वेळचं.

साहेबांनी विचारलं, "हे कशाला?"

मी म्हटलं, "साहेब, ग्राँ क्रू."

साहेबांना वाटलं ते नवीन परिपत्रक आहे. त्यांनी सही केली.